फ्यूज चांगला, बझर वाजतोय, तरी स्टार्टर फिरत नाही: एका राइडिंग मॉवरचं प्रकरण

बसून चालवायचा गवत कापायचा मॉवर. बारा व्होल्टची बॅटरी, एका सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आणि पाती फिरवायला विजेवर चालणारा क्लच. तक्रार एका ओळीची होती: किल्ली फिरवली की सीटखालून बारीक ‘टक्’ ऐकू येतं आणि पुढे काहीच होत नाही.

मालकांनी आपल्या परीने बरंच करून पाहिलं होतं. बॅटरी नवी आणली, टर्मिनलं घासून लख्ख केली, फ्यूज उपसून मल्टिमीटरच्या बझरवर (वाट सलग असली की वाजतो तो) लावला. बझर खणखणीत वाजला. तेव्हा फ्यूजचा विषय संपला असं धरून ते स्टार्टर मोटर खोलायच्या बेतात होते.

त्यांनी केलेली तपासणी चुकीची नव्हती. फ्यूज खरंच चांगला होता. तरीही दोष फ्यूजच्याच जागी होता, आणि त्या दोषामागे आणखी एक, जास्त धोक्याचा दोष दडलेला होता. बागेतल्या आणि शेतातल्या यंत्रांची दुरुस्ती करणाऱ्याला हे दोन्ही वारंवार भेटतात, पण एकाच यंत्रात एकातून दुसरा निघालेला इतका स्पष्ट क्वचित दिसतो. म्हणून हे सगळं मोजमापांसकट लिहून काढतो आहे.

त्या फ्यूजमधून काय जातं

अशा मॉवरमध्ये बॅटरीपासून दोन वाटा निघतात. जाड केबल सोलेनॉइडकडे (बारीक वायरने वीज मिळाली की आतला दांडा ओढून जाड वाट जोडणारा स्विच) आणि तिथून स्टार्टर मोटरकडे जाते. इंजिन फिरवताना या वाटेने शंभर अँपिअरच्या पुढे प्रवाह वाहू शकतो आणि तिथे बहुधा फ्यूज नसतो. दुसरी वाट बारीक वायरची. ती मुख्य फ्यूजमधून किल्लीच्या स्विचकडे जाते. तिथून ब्रेकचा स्विच, पात्यांचा स्विच, सीटखालचा स्विच अशा सुरक्षेच्या स्विचांमधून सोलेनॉइडच्या कॉइलला, कार्बुरेटरवरच्या इंधन सोलेनॉइडला, क्लचला आणि दिव्यांना वीज पोचते. या यंत्रात रेग्युलेटरकडून (बॅटरी भरणारी वीज काबूत ठेवणारा भाग) बॅटरीकडे परत येणारा चार्जिंगचा प्रवाहही त्याच फ्यूजमधून जात होता. बऱ्याच मॉवरमध्ये अशीच रचना असते.

याचा अर्थ असा की फ्यूज पूर्ण गेला तर किल्ली फिरवून ‘टक्’सुद्धा ऐकू येत नाही. इथे आवाज येत होता, म्हणजे सोलेनॉइडपर्यंत वीज पोचत होती. प्रश्न होता किती पोचते याचा. सोलेनॉइडचा दांडा अर्धवट ओढला गेला तर आतले जाड संपर्क एकमेकांवर नीट दाबले जात नाहीत आणि स्टार्टरला काहीच मिळत नाही. आवाज बारीक असणं हीच पहिली खूण होती.

आणखी एक गोष्ट लगेच नोंदवली. बॅटरी नवी असूनही यंत्र आलं तेव्हा तिच्यावर १२.१ व्होल्ट होते. पूर्ण भरलेल्या लेड-अॅसिड बॅटरीवर विश्रांतीनंतर १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसायला हवेत, १२.१ म्हणजे ती साधारण अर्धी रिकामी. नवी बॅटरी अर्धी रिकामी असेल तर ती भरली जात नाहीये का, हा प्रश्न मनात ठेवूनच पुढे गेलो. मोजमापांना सुरुवात करण्याआधी ती चार्जरवर लावून पूर्ण भरून घेतली. अर्ध्या बॅटरीवर घेतलेल्या आकड्यांवरून निष्कर्ष काढायला जाऊ नये.

होल्डर उघडल्यावर

फ्यूज सीटखाली, बॅटरीच्या शेजारी, वायरलाच लटकणाऱ्या होल्डरमध्ये होता. हात घालण्याआधी स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला बांधली, किल्ली काढली, बॅटरीचं आधी निगेटिव्ह सोडलं. हा क्रम पाळण्याला कारण आहे. पॉझिटिव्ह सोडताना पाना चेसिसला, म्हणजे यंत्राच्या लोखंडी सांगाड्याला, टेकला आणि निगेटिव्ह जोडलेलं असेल, तर पान्यातूनच बॅटरी शॉर्ट होते. बांधताना निगेटिव्ह शेवटी.

झाकण उघडल्यावर तीन गोष्टी दिसल्या.

फ्यूज हिरवा होता, म्हणजे ३० अँपिअरचा. अशा पातीच्या, म्हणजे चपट्या पायांच्या, फ्यूजचे रंग ठरलेले असतात: १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पांढरट पारदर्शक, ३० हिरवा. उन्हाने रंग उडतो, म्हणून डोक्यावर कोरलेला आकडाही वाचावा. या यंत्राच्या आराखड्यात आणि होल्डरजवळच्या स्टिकरवर २० लिहिलेलं होतं.

फ्यूजमधली धातूची पट्टी सलग होती, पण एका बाजूच्या पायाजवळचं प्लॅस्टिक तपकिरी पडून किंचित बसलं होतं. होल्डरचीही तीच बाजू काळवंडलेली.

होल्डरच्या आतल्या दोन चिमट्यांपैकी एक चकचकीत होता, दुसरा निस्तेज, त्यावर हिरवट-पांढरा थर. फ्यूज त्यात घालून पाहिला तर त्या बाजूने पकड जवळजवळ नव्हतीच.

प्लॅस्टिक कुठे वितळलंय याला फार महत्त्व आहे. मोठ्या शॉर्टने फ्यूज गेला की पट्टी मधोमध उडते, आतून काळी झाक येते, कधी धातूचे शिंतोडे उडालेले दिसतात. थोड्याच जादा प्रवाहाने बराच वेळ तापून गेला, तर पट्टी मध्यावर वितळून स्वच्छ फट पडते. पट्टी धड आणि पायाशी प्लॅस्टिक मऊ झालेलं, याचा अर्थ उष्णता बाहेरून, चिमट्याच्या सैल संपर्कातून आली. उपसलेल्या फ्यूजचा चेहरा वाचल्याशिवाय तो फेकून देणाऱ्यांविषयी मला खरंच वाईट वाटतं, कारण निम्मी माहिती तिथेच टाकून दिली जाते.

बझर खोटं का बोलतो

बझर लागतो तो प्रतिरोध काही दहा ओमांच्या आत असला की. मीटरप्रमाणे ही मर्यादा बदलते, पण ती ओमांच्या हिशेबात असते. चांगल्या २० अँपिअरच्या फ्यूजचा प्रतिरोध मात्र सुमारे ३ मिलिओम, म्हणजे एका ओमचा हजारावा भाग गुणिले तीन. साध्या मीटरच्या वायरींचाच प्रतिरोध त्याच्या कितीतरी पट असतो. म्हणून बझर एवढंच सांगू शकतो की पट्टी पूर्ण तुटलेली नाही. दीड ओमचा खराब जोड आणि शून्याच्या जवळचा उत्तम जोड दोन्ही त्याला सारखेच.

त्यातून फ्यूज उपसून तपासला की होल्डर तपासातून आपोआप सुटतो. मालकांचं नेमकं हेच झालं होतं.

दुसरी प्रचलित रीत फ्यूज जागेवर ठेवून पाहायची. पातीच्या फ्यूजच्या डोक्यावर दोन उघडे धातूचे ठिपके असतात ते यासाठीच. मीटर डीसी २० व्होल्टवर, काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल प्रोब आधी एका ठिपक्यावर, मग दुसऱ्यावर. दोन्हीकडे बॅटरीइतके व्होल्ट आले तर पट्टी सलग, एकीकडे आले आणि दुसरीकडे शून्य तर फ्यूज गेलेला, दोन्हीकडे शून्य तर वीज फ्यूजपर्यंतच पोचत नाहीये. उपसण्यापेक्षा ही रीत नक्कीच चांगली. पण इथेही एक फसगत आहे. किल्ली बंद असताना, म्हणजे भार नसताना, मीटर स्वतः इतका नगण्य प्रवाह ओढतो की कुजलेल्या जोडातूनही पूर्ण व्होल्ट दिसतात. या मॉवरवर किल्ली बंद ठेवून पाहिलं तेव्हा दोन्ही ठिपक्यांवर १२.६ आले. होल्डरच्या पलीकडच्या वायरवरही १२.६. कागदावर सगळं उत्तम.

भार देऊन मोजलेले आकडे

म्हणून भार दिला. पात्यांचा स्विच बंद, ब्रेकचं पेडल दाबलेलं, प्लगची टोपी काढलेलीच, आणि मदतनीसाने किल्ली स्टार्टवर धरली. स्टार्टर फिरत नव्हता, पण सोलेनॉइडची कॉइल आणि इंधन सोलेनॉइड मिळून भार पुरेसा होता.

बॅटरीच्या दोन टर्मिनलांमध्ये: १२.५ व्होल्ट. म्हणजे बॅटरी दमत नव्हती.

सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलवर: ८.१ व्होल्ट. सव्वाचार व्होल्टच्या वर मधेच कुठेतरी हरवत होते.

आता मीटरचे दोन्ही प्रोब त्या वाटेवरच ठेवले, एक होल्डरच्या आधीच्या वायरवर, दुसरा नंतरच्या वायरवर. मीटर जे दाखवेल तो तेवढ्या तुकड्यात वाया गेलेला दाब. चांगल्या फ्यूज-होल्डरवर एवढ्या भाराला फार तर काही दहा मिलिव्होल्ट यावेत. इथे ४.२ व्होल्ट आले. किल्लीचा स्विच, ब्रेकचा स्विच, बाकीची सगळी वायरिंग मिळून उरले जेमतेम ०.२. ज्या सुरक्षेच्या स्विचांवर अशा वेळी सगळ्यात आधी संशय घेतला जातो, आणि जे कधीकधी वायर जोडून कायमचे बाद केले जातात, ते सगळे निर्दोष होते. सीटखालचा किंवा ब्रेकचा स्विच असा बाद केलेलं यंत्र मी पुढे जाऊ देत नाही. चालक उतरला की पाती थांबतात ती त्याच स्विचांमुळे.

मग ४.२ चे भाग पाडले. आधीची वायर ते फ्यूजचा जवळचा ठिपका: ०.३ व्होल्ट. फ्यूजचे दोन ठिपके एकमेकांत: पाच-सहा मिलिव्होल्ट, म्हणजे फ्यूज अगदी ठणठणीत. दूरचा ठिपका ते पुढची वायर: ३.९ व्होल्ट. काळवंडलेला चिमटा तोच.

प्रवाह साधारण २.७ अँपिअर येत होता. त्या हिशेबाने होल्डरचा प्रतिरोध दीड ओमहून थोडा जास्त, आणि तिथे तयार होणारी उष्णता ११ वॉटच्या आसपास. नखाएवढ्या पत्र्यात ११ वॉट फार झाले. पत्रा तापला की त्याचा ताण जातो, ताण गेला की पकड सुटते, पकड सुटली की प्रतिरोध वाढतो आणि तो आणखी तापतो. एकदा हे चक्र सुरू झालं की आपोआप थांबत नाही. बॅटरी का भरत नव्हती याचंही उत्तर इथेच मिळालं, कारण चार्जिंगचा प्रवाहही याच चिमट्यातून बॅटरीकडे जायला धडपडत होता.

होल्डर बदलला असता तर मॉवर त्याच घटकेला सुरू झाला असता. पुष्कळ ठिकाणी काम इथेच संपवलं जातं. पण २० च्या जागी ३० का, याचं उत्तर मिळाल्याशिवाय यंत्र परत देणं मला मान्य नव्हतं.

हिरव्या फ्यूजची गोष्ट

मालकांना विचारलं. ते म्हणाले, “आधी पिवळाच होता. मधूनमधून उडायचा. नवा घातला की पुन्हा चालायचं. मग एकाने हा हिरवा बसवून दिला, तेव्हापासून एकदाही उडाला नाही.”

“उडायचा तेव्हा नेमकं काय करत असायचात?”

थोडा विचार करून ते म्हणाले, “उंचसखल जागी. पाती चालू ठेवूनच डेक वर ओढायचो, तेव्हा बहुतेक. इंजिनसुद्धा बंद पडायचं.”

इतकं नेमकं उत्तर मिळणं हे तपासणाऱ्याचं भाग्य. पाती चालू आणि डेक, म्हणजे पाती ज्याखाली असतात तो वर-खाली होणारा भाग, वर, या दोन अटी एकत्र आल्या की फ्यूज उडतो, म्हणजे क्लचकडे जाणारी वायर डेक उचलणाऱ्या दांड्यांच्या आसपास कुठेतरी चेसिसला लागत असणार. इंजिन बंद पडणंही जुळत होतं: फ्यूज गेला की इंधन सोलेनॉइडची वीज जाते आणि तो इंधनाची वाट बंद करतो.

फ्यूज नेमून दिलेल्या आकड्याला लगेच उडतो असा समज आहे, तो खरा नाही. पातीच्या फ्यूजला त्याच्या क्षमतेच्या ११० टक्के प्रवाह दिला तर तो किमान १०० तास टिकला पाहिजे, असा त्याचा दंडक आहे. १३५ टक्क्यांना तो पाऊण सेकंद ते १० मिनिटं यांच्या दरम्यान केव्हाही जाऊ शकतो. २०० टक्क्यांना ०.१५ ते ५ सेकंदांत. आता हे या यंत्राला लावून पाहू. घासलेली वायर दांड्याला ओझरती लागली आणि समजा एकूण २७ अँपिअर वाहिले. २० च्या फ्यूजला हे १३५ टक्के, तो जाणार. ३० च्या फ्यूजला हे ९० टक्के, तो दिवसभर तसाच बसून राहील. तापणार ती वायर, तापणार तो होल्डर, आणि सीटखालीच पेट्रोलची नळी आणि वाळलेल्या गवताचा भुसा.

फ्यूज वायरीच्या जाडीवरून ठरतो. वायर जळण्याआधी तो जळावा, एवढंच त्याचं काम. ‘आता उडत नाही’ हे वाक्य ऐकलं की मला समाधान वाटत नाही, काळजी वाटते.

होल्डरचा चिमटा का मेला हेही आता उलगडलं. ओझरत्या शॉर्टच्या प्रत्येक वेळी त्यातून त्याच्या कुवतीहून जास्त प्रवाह गेला आणि फ्यूजने तो अडवला नाही. दोन-चार वेळा तापल्यावर ताण गेला, मग ओल आणि बॅटरीच्या वाफांनी उरलेलं काम केलं.

शॉर्ट शोधताना फ्यूज जाळायचे नाहीत

एक फ्यूज घालायचा, उडाला की वायर हलवून दुसरा घालायचा, ही पद्धत मला अजिबात पटत नाही. प्रत्येक फ्यूज उडताना शॉर्टच्या जागी पुन्हा एकदा मोठा प्रवाह जातो, आणि शोध काही पुढे सरकत नाही.

त्याऐवजी फ्यूजच्या जागी दिवा लावला. गाडीच्या ब्रेकचा १२ व्होल्ट, २१ वॉटचा साधा फिलामेंटचा बल्ब, दोन वायरींनी होल्डरच्या दोन टोकांना. पुढे कितीही वाईट शॉर्ट असला तरी या बल्बमधून पावणेदोन अँपिअरच्या आसपासच प्रवाह जाऊ शकतो, त्यामुळे काही जळत नाही. शॉर्ट असला तर बल्ब पूर्ण तेजाने पेटतो आणि शॉर्ट सुटला की विझतो, त्यामुळे हात वायरवर आणि नजर बल्बवर ठेवून शोधता येतं. एलईडी दिवा इथे चालत नाही; तो इतका कमी प्रवाह ओढतो की किरकोळ गळतीलाही लख्ख पेटेल.

नेहमीचे भार बल्बला पेटवून गोंधळ घालू नयेत म्हणून क्लचचा प्लग आणि इंधन सोलेनॉइडचा प्लग दोन्ही काढले. दिवे बंद. क्लच तपासूनच घेतला: कॉइलचा प्रतिरोध २.९ ओम, कॉइल आणि धातूच्या अंगात काहीच जोड नाही. अशा क्लचची कॉइल बहुधा अडीच ते चार ओमांमध्ये असते. एक ओमच्या खाली आली असती तर आतले वेढे जळून एकमेकांना चिकटलेत असं समजलो असतो, आणि शोध तिथेच संपला असता.

किल्ली चालूवर, मदतनीस सीटवर बसलेला, पात्यांचा स्विच ओढलेला. आता क्लचच्या वायरमध्ये प्लगपर्यंत वीज होती, पण पुढे जायला वाट नव्हती. बल्ब विझलेला. डेकची कांडी एकेक खाचेने वर घेतली. सगळ्यात वरच्या खाचेच्या अलीकडे बल्ब एकदम पेटला, कांडी थोडी खाली आणली की विझला. पुन्हा वर, पुन्हा पेटला.

मग बॅटरी सोडून खाली वाकून पाहिलं. क्लचची वायर इंजिनखालच्या पत्र्याला एका प्लॅस्टिकच्या क्लिपने धरलेली असायला हवी होती. क्लिप तुटून गेली होती. वायर लोंबत होती आणि डेक वर आला की उचलणारा लोखंडी दांडा तिला पत्र्याच्या कडेवर दाबत होता. आवरण बोटभर लांबीत घासून गेलेलं, आतली तांब्याची तार हिरवी पडलेली आणि दांड्यावर ठिणगीने पडलेला छोटा खड्डा. तिथून मागे हातभर वायर चाचपली, तर आवरण कडक होऊन वाकवल्यावर भेगा पडत होत्या. ३० अँपिअरच्या फ्यूजने वायर तापू दिली होती त्याची ही खूण.

दुरुस्ती

घासलेल्या जागी टेप गुंडाळून भागणारं नव्हतं. कडक झालेला सगळा भाग कापून टाकला आणि मूळच्याच जाडीची नवी वायर घातली. जोड क्रिंप करून त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवली, कारण इथे खालून ओलं गवत आणि धुण्याचं पाणी सतत येतं. पूर्ण लांबीवर खाचदार संरक्षक नळी घातली. वायरची वाट थोडी बदलून ती दांड्याच्या पोचेबाहेर नेली, दोन ठिकाणी धातूच्या रबरवेष्टित क्लिपांनी पक्की केली, आणि डेक खालपासून वरपर्यंत नेत ती कुठे ताणली जात नाही ना, हे पाहिलं.

होल्डर पूर्ण बदलला. जुन्याचा चिमटा पक्कडने दाबून घट्ट करता येतो, आणि काही दिवस चालतोही, पण तापून मऊ पडलेल्या पत्र्याचा ताण परत येत नाही. नवा होल्डर झाकणाला रबरी कडा असलेला घेतला. त्याच्या वायरी यंत्राच्या वायरीहून बारीक नाहीत याची खात्री केली. बाजारात मिळणाऱ्या काही होल्डरांवर ३० लिहिलेलं असतं आणि वायर मात्र केविलवाणी बारीक असते. तोंड खालच्या दिशेला ठेवून बांधला, म्हणजे पाणी साचणार नाही. चिमट्यांना डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात दिला. हे ग्रीस वीज वाहून नेत नाही, ओल बाहेर ठेवतं. चिमटा घट्ट असेल तर धातूला धातू लागतोच.

आणि पिवळा, २० चा फ्यूज.

पडताळणी

फ्यूजच्या जागी बल्ब लावूनच आधी डेक वर-खाली केला, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवलं, वायरी हलवल्या. बल्ब एकदाही पेटला नाही. मग दोन्ही प्लग जोडून फ्यूज घातला.

किल्ली स्टार्टवर: सोलेनॉइडच्या टर्मिनलवर १२ व्होल्टच्या वर, आवाज ठसठशीत, स्टार्टर फिरला.

इंजिन बंद ठेवून, किल्ली चालू आणि क्लच लावलेला असताना फ्यूजच्या दोन ठिपक्यांमध्ये १६ मिलिव्होल्ट. यावरून क्लॅम्प मीटर (वायरभोवती धरून प्रवाह मोजणारा) नसतानाही प्रवाह काढता येतो. २० च्या फ्यूजचे सुमारे ३.२ मिलिओम धरले तर १६ ला ३.२ ने भागून ५ अँपिअर. क्लचचे चारच्या आसपास आणि इंधन सोलेनॉइडचा एक, हिशेब जुळला. २० च्या फ्यूजला ५ चा भार म्हणजे भरपूर मोकळीक; मूळ आकडा पुरेसा होता याचा हा पुरावा मालकांना मुद्दाम दाखवला. होल्डरच्या वायर ते वायर एकूण घट ४० मिलिव्होल्ट.

प्लगची टोपी बसवून इंजिन चालू केलं. पूर्ण वेगाला बॅटरीच्या टर्मिनलवर १४.२ व्होल्ट. अर्धा तास गवत कापून झाल्यावर होल्डरला हात लावला, हवेइतकाच गार.

ही रीत कुठे चालत नाही

वरचं सगळं १२ व्होल्टच्या यंत्राला लागू आहे. ४० ते ८० व्होल्टच्या लिथियम बॅटरीवर चालणाऱ्या मॉवर, झाडाच्या फांद्या कापायच्या करवती, गवत उडवायचे ब्लोअर यांना तो हिशेब लावू नये. साध्या पातीच्या फ्यूजवर बारीक अक्षरात ३२ व्होल्ट लिहिलेलं असतं. त्याहून जास्त दाबावर पट्टी वितळली तरी फटीत ठिणगीची कमान धरून राहू शकते, आणि डीसीमध्ये ती सहज विझत नाही. दिसायला तोच, ५८ व्होल्टचा फ्यूजही मिळतो. रंग आणि आकार जुळला म्हणून अदलाबदल करायची नाही. बॅटरीच्या डब्याच्या आतला फ्यूज तर घरी उघडायचाच नाही. तो गेला असेल तर डब्यात काय घडलं हे बाहेरून कळत नाही, आणि लिथियमचे सेल चुका माफ करत नाहीत.

दोरी ओढून सुरू होणाऱ्या साध्या मॉवरमध्ये बहुधा फ्यूज नसतोच. तिथे ठिणगी फ्लायव्हीलच्या चुंबकातून येते, बॅटरीचा संबंध नाही. त्यामुळे असं यंत्र सुरू होत नसेल तर फ्यूज शोधण्यात वेळ घालवू नये.

यंत्र परत देताना

उपसलेला हिरवा फ्यूज, काळा चिमटा आणि घासलेल्या वायरचा तुकडा मालकांच्या हातात दिला. नव्या होल्डरच्या झाकणावर न पुसणाऱ्या शाईने ‘२०’ लिहिलं आणि त्याच आकड्याचे दोन जादा फ्यूज सीटखाली पिशवीत ठेवले, म्हणजे ऐन कामाच्या वेळी हाताला येईल तो फ्यूज बसवायची वेळ येणार नाही. पिवळा पुन्हा उडाला तर दुसरा घालायच्या आधी डेक कुठल्या खाचेत होता, पाती चालू होती का, दिवे लागले होते का, एवढं लिहून ठेवायला सांगितलं. हंगाम सुरू होताना भार देऊन होल्डरवरचे मिलिव्होल्ट मोजायचे आणि ४० च्या शेजारी तो आकडा लिहायचा, हेही त्यांनी लक्षपूर्वक करून पाहिलं.

पुढच्या देखभालीला मॉवर आला तेव्हा तोच पिवळा फ्यूज बसलेला होता. होल्डरवरची घट ४३ मिलिव्होल्ट आली, बॅटरी १२.६ वर होती. क्लचच्या वायरची एक क्लिप थोडी सैल झाली होती, ती घट्ट केली.